खर्च पुस्तकांचा नाही, वेळेचा: कमी पैशांत मुलांना घरी शिकवण्याचा हिशेब

मुलीला शाळेतून काढून घरी शिकवायला लागले, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे: "खर्च किती येतो गं?" विचारणाऱ्या बहुतेक आयाच असतात. कुणाच्या मुलाची इंग्रजी शाळेची फी यंदा पुन्हा वाढलेली असते. कुणाचं लेकरू शाळेचं नाव काढलं की पोट दुखतंय म्हणून रडत बसतं. कुणाचं बिऱ्हाड ऊसतोडीपायी किंवा बदलीपायी सारखं हलतं. त्यांनी ऐकलेलं असतं की हे सगळं पुण्या-मुंबईतल्या, घरात दोन-दोन लॅपटॉप असणाऱ्यांचं काम. आमचं घर तसं नाही. कराडात भाड्याच्या दोन खोल्या, यांचा मालवाहू टेम्पो, माझं शिवणकाम, आणि सोबत सासूबाई. मुलगी आता अकरा वर्षांची, मुलगा सात.

उत्तर आधीच सांगते. वह्या-पुस्तकं आणि साहित्य यांचा खर्च ऐकून तुम्हाला नवल वाटेल, इतका कमी येतो. खरा खर्च आहे घरातल्या एका मोठ्या माणसाच्या रोजच्या दोन-अडीच तासांचा. ते तास कमाईतून जातात, आणि त्यांची पावती कुठेच फाटत नाही. म्हणून हिशेब मांडायचा तर तिथूनच मांडायला हवा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेपेक्षा घरी शिकवणं स्वस्त पडत नाही. त्या शाळेत आठवीपर्यंत फी नाही, पाठ्यपुस्तकं मिळतात, गणवेश मिळतो, दुपारचं जेवण मिळतं. घरी ठेवलेल्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही. सरकारी शिष्यवृत्ती परीक्षेलाही शाळेतूनच बसावं लागतं. तेव्हा अडचण फक्त फीची असेल, तर आधी जवळच्या सरकारी शाळेत जाऊन वर्ग बघा, बाईंशी बोला. खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांचा अर्ज करून पाहा. मी हे मनापासून सांगते, कारण निव्वळ पैसे वाचवायला म्हणून सुरू केलेली घरची शाळा अर्ध्यात बंद पडताना मी पाहिली आहे. तिथं आईचा वेळ कुणी मोजलाच नव्हता.

कायद्याचं काय?

लोक घाबरतात ते इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, असं तो म्हणतो. यातली 'सक्ती' मुख्यतः सरकारवर आहे: शाळा काढायची, मुलाला दाखल करून घ्यायचं, ते शाळेत येतंय ना ते पाहायचं. पालकांबद्दल कलम १० मध्ये एक वाक्य आहे. पाल्याला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे, असं ते सांगतं. पण ते पाळलं नाही तर पालकाला दंड किंवा तुरुंग असं काही कायद्यात लिहिलेलं नाही. आणि घरी शिकवण्याविषयी, ते चालतं की चालत नाही, यावर कायदा एक अक्षरही बोलत नाही. म्हणजे आपण उभे आहोत ती जागा परवानगीचीही नाही आणि बंदीचीही नाही. यात शिरणाऱ्याने हे नीट समजून शिरावं. "एकदम कायदेशीर आहे, काळजी नको" असं कुणी छातीठोक सांगितलं तर तेही अर्धंच खरं.

कायद्यात दंड आहे तो दुसऱ्याच गोष्टीला, आणि पैसे वाचवू पाहणाऱ्या पालकांचा पाय नेमका त्यातच अडकू शकतो. मान्यता न घेता शाळा चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवली तर दर दिवसाला दहा हजारांपर्यंत. चार-पाच घरांनी मिळून आठवड्यातून एकदा एकमेकांच्या ओट्यावर मुलांना गोष्टी सांगणं वेगळं. एक खोली भाड्याने घ्यायची, बाई नेमायच्या, महिन्याची वर्गणी गोळा करायची आणि दारावर नाव लावायचं, हे वेगळं. दुसऱ्या प्रकाराला अधिकारी विनामान्यता शाळा म्हणू शकतात. वाटून घ्यायचं तर पुस्तकं वाटून घ्या, वेळ वाटून घ्या. फी गोळा करू नका.

याच कायद्याचं कलम ४ मात्र आपल्या बाजूचं आहे. शाळेत कधीच न गेलेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश द्यायचा आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, असं ते सांगतं. परतीची वाट उघडी आहे, हे कळलं तेव्हा माझ्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली आहे. तेव्हा त्या सुमाराला परत जायचा विचार असेल, तर मुख्याध्यापकांना वर्षभर आधीच भेटून ठेवा.

शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं तेव्हा दारात गुरुजी येतील. त्यांना टाळू नका, घरात बोलवा, चहा द्या, मुलीच्या वह्या दाखवा. आमच्याकडे आलेल्या सरांनी अर्धा तास बसून तिचं वाचन ऐकलं, आणि जाताना भागाकाराची एक सोपी रीत शिकवून गेले.

अडीच तासांची किंमत

सकाळचे अडीच तास म्हणजे माझा एक अस्तराचा ब्लाऊज. महिन्याचे वीस-बावीस. घरी शिकवायला लागले तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत आमचं उत्पन्न उघड उघड खाली आलं, आणि वाचलेल्या फीपेक्षा बुडालेली शिलाई जास्त होती. तेव्हा आम्ही दोघं रात्री वही घेऊन बसलो. दिवसाचे तास लिहिले आणि कोणता तास कुणाचा, ते ठरवलं.

एक गोष्ट लक्षात आली की शाळेचे सहा तास घरी लागतच नाहीत. चाळीस मुलांच्या वर्गात हजेरी, रांग, फळ्यावरचं उतरवून घेणं आणि बाकीच्यांचं होईपर्यंत थांबणं यातच बराच दिवस जातो. घरी एकासमोर एक बसलं की प्राथमिक वर्गाचं मूल दीड-दोन तासांत दिवसाचं लिहिण्या-वाचण्याचं काम पुरं करतं. मोठ्या वर्गांना जास्त वेळ लागेल, पण तोवर मूल स्वतःचं स्वतः वाचायला लागलेलं असतं. म्हणून पहिल्या दोन वर्षांत माझा सगळा जोर एकाच गोष्टीवर होता: मुलीला वाचता आलं पाहिजे, असं की ती उद्या माझ्याशिवाय पुस्तक उघडेल. ज्या दिवशी ती एकटी तासभर वाचत बसली, त्या दिवशी माझं शिलाई मशीन पुन्हा सुरू झालं.

आता आमचा दिवस असा आहे. सकाळी आठ ते साडेनऊ मी दोघांबरोबर: गणित आणि मराठी, रोज, चुकवायचं नाही. मग मुलगी स्वतःचं वाचते-लिहिते आणि अर्धा तास भावाचं वाचन घेते. दुसऱ्याला समजावून सांगताना तिचंच जास्त पक्कं होतं. जेवणानंतरचा तास सासूबाईंचा. त्या चौथी शिकलेल्या आहेत, पण पाढे पावकी-दिडकीसकट तोंडपाठ आहेत त्यांचे. रविवारी टेम्पो घरी असतो तेव्हा यांच्याकडे मोजमाप, नकाशा, इंजिन. त्यामुळे माझ्याकडून कापले जाणारे तास अडीचवरून दीडवर आले. त्या दीड तासाची किंमत आम्ही जाणूनबुजून मोजतो.

ज्या घरात आई-बाप दोघंही सकाळी सातला कामावर जातात आणि रात्री आठला येतात, आणि घरात दुसरं कुणी मोठं नाही, त्यांनी हे करू नये, असं मला वाटतं. मूल एकटं मोबाइलसमोर राहील. त्याला शिक्षण म्हणता येणार नाही.

"पण मी काय शिकवणार? मी बारावी" ही भीती मलाही होती. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते त्यांच्या आई लक्ष्मीबाईंनी. लक्ष्मीबाईंना ते त्यांच्या नवऱ्याने, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी शिकवलेलं होतं. घर म्हणावं असं काही नव्हतं, कुटुंब पुराण सांगत तीर्थाटन करत होतं, आणि आई तशातच मुलीला शिकवत होती. आधी स्वतः शिकायचं, मग मुलाला द्यायचं, हा त्यातला भाग मी घेतला. अपूर्णांक मी मुलीच्या एक धडा पुढे राहून पुन्हा शिकले. पाचवीपर्यंत हे कुठल्याही बारावी झालेल्या माणसाला जमतं. पुढचा गणित-विज्ञानाचा भाग अवघड जातो. तिथं शेजारच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला आठवड्यातून दोन तास मी तिच्या ब्लाऊजच्या शिलाईच्या बदल्यात ठेवलं आहे. पैसे हातात नसले तरी हातात कसब असतं, आणि त्यावर देवाणघेवाण होते.

साहित्य: कुठे पैसे घालायचे, कुठे नाही

बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. इथे बरेच जण एक चूक करतात: फुकट म्हणून उतरवून घेतात आणि मग झेरॉक्सच्या दुकानात छापून आणतात. पानाला दोन रुपये धरले तरी शंभर पानांचे दोनशे होतात. तेच पुस्तक दुकानात बहुधा त्याहून बरंच स्वस्त मिळतं, बांधणीसकट. पीडीएफ चाळायला ठेवा, मुलाच्या हातात छापील पुस्तक द्या. जुनं हवं असेल तर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात वरच्या वर्गात गेलेल्या मुलांच्या आयांना विचारा. रद्दीत जाण्याआधीचे ते आठ दिवस असतात. फक्त अभ्यासक्रम आता टप्प्याटप्प्याने बदलतो आहे, म्हणून जुनं पुस्तक चालू अभ्यासक्रमाचंच आहे ना, ते आधी पाहून घ्या. पुस्तकांवरचा क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपने वाचला की त्या धड्याचे व्हिडिओ मिळतात, तेही फुकट.

गणितासाठी मी पहिल्या वर्षी काय घेतलं, तर शंभर मणी आणि दोरा. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, अशी गणितमाळ. सरकारी शाळांतही हीच वापरतात. सत्तावीस म्हणजे किती, तर दोन पूर्ण गट आणि सात मणी, हे बोटाला कळतं. पुढे खेळातल्या नोटा: कागद कापून शंभराच्या, दहाच्या, एकाच्या. हातच्याची वजाबाकी मुलीला फळ्यावर कधी कळली नव्हती. घरी दुकान-दुकान खेळताना दहाची नोट मोडून दहा एकच्या घ्याव्या लागल्या, आणि तिला उमजलं की 'हातचा घेणं' म्हणजे नोट मोडणं. ती एकदम उभी राहिली आणि म्हणाली, "मग बाईंनी हे का नाही सांगितलं?"

आमचं सगळ्यात आवडतं गणिताचं पुस्तक मात्र महिन्याला आपोआप घरी येतं. ते म्हणजे महावितरणचं वीजबिल. मागचं रीडिंग, चालू रीडिंग, त्यांची वजाबाकी म्हणजे वापरलेले युनिट. समजा १३७ आले. पहिल्या शंभर युनिटना एक दर, आणि १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटना त्याहून चढा दर. मग १३७ ला एकाच दराने गुणून उत्तर जुळत नाही. शंभर वेगळे, सदतीस वेगळे करावे लागतात. त्यात स्थिर आकार, वहन आकार मिळवायचे, आणि मग सोळा टक्के वीज शुल्क. टक्केवारी शिकवायला मला दुसरं काही लागलं नाही. मुलीने पहिल्यांदा बिल आपल्या हाताने जुळवलं तेव्हा चौदा रुपयांचा फरक राहिला. तो शोधायला तिने दोन दिवस घेतले. एक आकार मिळवायचाच राहून गेला होता. आता घरात कुणी रिकाम्या खोलीतला पंखा चालू ठेवला तर ती सांगते, "आपण शंभरच्या वर चाललोय." दुसरीकडे सात वर्षांचा मुलगा मीटरवरचे आकडे वाचून लिहितो, आणि स्थानिक किंमत त्याला तिथेच समजते.

हे काही माझं डोकं नव्हे. मॉन्टेसोरी पद्धतीचं शिकण्याचं साहित्य महाग, म्हणून बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बिया, शिंपले, खडे, पानं, काड्या यांतूनच साहित्य उभं केलं. गुरं राखायला जाणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तर त्यांनी शाळाच कुरणावर नेली. आज कुणी तुम्हाला सात-आठ हजारांचा लाकडी संच विकायला आलं तर ही गोष्ट आठवा. मीही फसले आहे. पहिल्याच वर्षी एका कंपनीचा टॅबलेटवरचा अभ्यासक्रम हप्त्यावर घेतला. चार महिन्यांत मुलीचा त्यातला रस संपला, हप्ते मात्र वर्षभर चालले. ते पैसे वाचनालयात घातले असते तर दोन्ही मुलांची दहावीपर्यंतची वर्गणी निघाली असती.

वाचनालयाबद्दल मला कळकळीने सांगायचंय. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, आणि सरकारी अनुदानावर चालणारी हजारो ग्रंथालयं गावोगाव आहेत. त्यातल्या कित्येकांत बालविभागाचं कपाट आहे, आणि त्या कपाटाला कुलूप आहे, कारण किल्ली मागायला कुणी येत नाही. तुम्ही जा आणि मागा. आमच्या ग्रंथपालकाकांना मुलगी दर शनिवारी भेटते. आता ते नवीन खरेदीच्या वेळी तिला विचारतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, वर्गणी परवडणारी आहे आणि जुने अंक संकेतस्थळावर वाचता येतात. इंग्रजीसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ वापरतो. तिथे एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत मिळते, पातळी निवडता येते. आधी मराठीत वाचायची, मग तीच इंग्रजीत. अर्थ आधीच माहीत असल्यामुळे मूल शब्दांना घाबरत नाही. इंग्रजी बोलण्याची आमची बाजू अजून कच्ची आहे, हे मान्य करते. इंग्रजी शाळेतल्या मुलांइतकं फाडफाड बोलणं तिला येत नाही. वाचून समजतं.

विज्ञानाला अरविंद गुप्ता पुरेत. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत त्यांनी अनेक वर्षं मुलांसाठी टाकाऊतून खेळणी केली. त्यांच्या संकेतस्थळावर त्या खेळण्यांचे व्हिडिओ आणि कितीतरी पुस्तकं फुकट आहेत, मराठीतही. काडेपेटी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, जुना सेल, स्ट्रॉ, एवढंच लागतं. घरात एकच मोबाइल आहे म्हणून मी रात्री उरलेल्या डेटात व्हिडिओ उतरवून ठेवते. सकाळी इंटरनेट बंद करून तेवढंच दाखवते. डेटाही वाचतो आणि मूल भलतीकडे भरकटत नाही.

घराबाहेरचा वर्ग

आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर प्रीतिसंगम आहे. कृष्णा आणि कोयना, दोघी उगम पावतात महाबळेश्वरला, वेगवेगळ्या वाटांनी उतरतात आणि कराडात समोरासमोर येऊन मिळतात. एका संध्याकाळी मुलीने विचारलं, "एकाच डोंगरावरून निघाल्या तर एवढ्या लांब येऊन का भेटल्या?" त्या एका प्रश्नावर आमचा महिना गेला. नकाशावर दोऱ्याने दोन्ही नद्या मोजल्या. मधली डोंगररांग शोधली. कोयना आधी सरळ दक्षिणेला जाते आणि हेळवाकपाशी पूर्वेला वळते, ते सापडलं. मग धरण आलं. धरणावरून भूकंप आला, आणि इथे सासूबाईंनी पुस्तक हातातून काढूनच घेतलं.

त्यांचं माहेर पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे त्या बारा वर्षांच्या होत्या. घर हललं, भिंतीचा दगड पांघरुणावर पडला, बाहेर धुरळा आणि गुरांचं ओरडणं. पुढे कित्येक आठवडे थंडीत सगळं गाव उघड्यावर झोपलं. मुलगी लिहीत होती, मधेमधे विचारत होती. त्या दिवशी तिने पाच पानं लिहिली, एरवी ती पानभर लिहायलाही कुरकुर करते. पुढच्या आठवड्यात तिने भूकंप का होतो ते स्वतः शोधून वाचलं. मराठी, इतिहास, भूगोल, विज्ञान, सगळं त्यात आलं. खर्च शून्य. तुमच्या गावातही असं काहीतरी असेलच: बंद पडलेली गिरणी, बारव, जुना बाजार, मिठागर, सूत काढणारी एखादी आजी. आधी ते शोधा.

लांब जायचं तर एसटी आहे. मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात पन्नास टक्के सवलत आहे, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. म्हणजे मी आणि दोन्ही मुलं मिळून दीड तिकिटात फिरतो. पुरातत्त्व खात्याच्या वेरूळ, दौलताबाद, रायगड अशा ठिकाणी पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, तेवढं बघून निघा. शाळेच्या सहलीला लागतात त्यापेक्षा कितीतरी कमी पैशांत, गर्दी नसलेल्या वारी, मुलाला हवं तितका वेळ थांबून बघता येतं.

सोबत्यांचा प्रश्न खरा आहे. पहिल्या पावसाळ्यात मुलगी दारात बसून शाळेच्या गाडीकडे बघायची, ते माझ्या काळजाला लागायचं. पैसे टाकायचेच तर मी इथे टाकेन: मैदान, कबड्डी, पोहणं, तबला, जे गावात असेल ते, पण रोज दुसऱ्या मुलांमध्ये. आमच्याकडे संध्याकाळी नगरपालिकेच्या मैदानावर खो-खो आहे. त्याची वर्गणी हा आमचा महिन्याचा सगळ्यात मोठा शैक्षणिक खर्च, आणि तो मी कधीच कापत नाही.

कागद आणि परीक्षा

घरच्या शाळेत कागद हरवला तर त्याची किंमत पुस्तकांच्या दसपट पडते.

नाव काढताना शाळा सोडल्याचा दाखला घ्याच. त्यावर जन्मतारीख, जन्मस्थळ, जात, शेवटची उत्तीर्ण इयत्ता असते. महाराष्ट्रात तो पुढे जन्मभर लागतो, जातपडताळणीलाही. फीच्या थकबाकीवरून एका शाळेने आमच्या ओळखीच्या घराचा दाखला वर्षभर अडवून ठेवला होता. तेव्हा ते आधी मिटवून मगच बाहेर पडा. मूल कधीच शाळेत गेलेलं नसेल तर जन्माचा दाखला आणि आई-वडिलांचे दाखले जपून ठेवा. अक्षरांच्या चुका, आडनावातला फरक आत्ताच दुरुस्त करा, दहावीच्या अर्जाच्या वेळी नको.

दहावीला दोन मुख्य वाटा. पहिली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिला सगळे एनआयओएस म्हणतात. केंद्र सरकारची संस्था, १९८९ पासूनची. चौदा वर्षं पूर्ण झाली की माध्यमिकसाठी नोंदणी होते. मराठी माध्यम आहे. पाच विषय घ्यायचे. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. कमी पैशांच्या घराला ही मोठी सोय आहे, कारण एका वेळी दोनच विषयांची तयारी करता येते, शिकवणी लावावी लागत नाही. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे मुक्त शिक्षणाचे स्तरही एनआयओएसकडे आहेत. दुसरी वाट आपल्या राज्य मंडळाची, सतरा नंबरचा फॉर्म. त्यात नेहमीच्याच दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं, शाळेच्या मुलांबरोबर, त्याच प्रश्नपत्रिकेला. पण इथे शाळा सोडल्याचा मूळ दाखला मागतात, परीक्षेच्या कितीतरी महिने आधी अर्ज भरावा लागतो, आणि नेमून दिलेल्या शाळेतून तोंडी-प्रात्यक्षिकाचं काम करावं लागतं. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, त्याच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षा मधल्या टप्प्यावर उपयोगी पडतात. शुल्क आणि तारखा दरवर्षी बदलतात. त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच बघा. सायबर कॅफेवाल्याने किंवा "हमखास पास" म्हणणाऱ्या दलालाने सांगितलेला आकडा धरू नका. नुसता फॉर्म भरायचे हजारो रुपये घेणारे लोक आहेत. तो फॉर्म मोबाइलवरून तासाभरात भरता येतो.

एक फाइल करा. तिच्यात दाखले, दर तीन महिन्यांची एक वही, वाचलेल्या पुस्तकांची यादी, चित्रं, सहलीची तिकिटं. सर्वेक्षणाला आलेल्या सरांना, परत प्रवेश देणाऱ्या मुख्याध्यापकांना आणि शंका घेणाऱ्या नातेवाइकांना, तिघांनाही तीच फाइल दाखवायची.

आणि नाव काढायची घाई करू नका. शाळा मेच्या सुरुवातीला सुटते आणि आपल्या भागात जूनच्या मध्यावर भरते. मधले सहा आठवडे रोज सकाळी दीड तास, एकही दिवस न चुकवता, घरी शिकवून पाहा. त्याच दिवसांत तुमची कमाई किती कमी झाली ते रोज रात्री वहीत लिहा, आणि शेजारी मूल त्या दिवशी काय शिकलं ते एका ओळीत. लग्नसराई असेल, पाहुणे येतील, उकाडा असेल, तरीही. जूनच्या दहा तारखेला ती वही उघडून दोघांनी बसा, मुलालाही सोबत घ्या. शाळेत नाव तोवर तसंच आहे.